एकलव्याच्या गोष्टीतून काय काय कापलं जातं?

क्रीडा प्रशिक्षकांना भारत सरकार जो मानाचा पुरस्कार देतं, त्याचं नाव द्रोणाचार्य. तो १९८५ साली सुरू झाला. आदिवासी मुलामुलींसाठी केंद्र सरकारने १९९७-९८ साली निवासी शाळांची योजना आणली, तिचं नाव एकलव्य. २०१६ साली हरियाणात गुडगावचं गुरुग्राम झालं, तेही द्रोणाचार्यांच्या आठवणीसाठी. अंगठा मागणाऱ्याच्या नावाने प्रशिक्षकांचा सन्मान करायचा आणि ज्याचा अंगठा गेला त्याच्या नावाने आदिवासी लेकरांची शाळा काढायची, यात काही विसंगत आहे असं फारसं कुणाला वाटत नाही. ते वाटू नये याची तयारी लहानपणीच झालेली असते. ती करतात गोष्टीची पुस्तकं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पुस्तक विकत आणणारी पहिली पिढी आपणच आहोत. भाच्याच्या वाढदिवसाला, पुतणीच्या पहिल्या नंबराला, आता स्वतःच्या लेकराला पुस्तक द्यायचं म्हणून आपण दुकानात जातो, नाहीतर मोबाइलवर शोधतो. समोर येतात त्या रंगीत पौराणिक कथा. किंमत परवडणारी, चित्रं सुंदर, वर ‘संस्कारकथा’ असा शिक्का. आपण ते पुस्तक घेतो, कारण आपल्या लहानपणी घरात तेवढंही नव्हतं. म्हणून या पुस्तकांत नेमकं काय सांगितलं जातं आणि काय गाळलं जातं, हे पाहणं आपल्यासाठी फक्त साहित्यचर्चा राहत नाही. आपल्या पैशाने आपल्या घरात काय येतंय, याचा तो हिशेब आहे.

मुलांच्या पुस्तकातली एकलव्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. एक गरीब, गुणी मुलगा होता. द्रोणाचार्य फक्त राजपुत्रांना शिकवत, म्हणून त्यांनी त्याला नकार दिला. त्याने मातीचा पुतळा केला, त्याला गुरू मानलं आणि एकट्याने विद्या मिळवली. गुरूंनी दक्षिणेत अंगठा मागितला, त्याने हसत हसत दिला. तात्पर्य : शिष्य असावा तर असा.

आता महाभारतात काय आहे ते पाहू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने अनेक दशकं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. तिच्यातल्या आदिपर्वात ही कथा आहे. तिथे एकलव्य गरीब नाही. तो हिरण्यधनू या निषादांच्या राजाचा मुलगा आहे, म्हणजे तोही राजपुत्रच. द्रोण त्याला का नाकारतात, याचं कारण तिथे आडपडदा न ठेवता दिलंय : तो निषाद आहे हे मनात आणून, आणि आपल्या इतर शिष्यांचा विचार करून. ‘फक्त राजपुत्रांना शिकवत’ हे कारण मुलांच्या पुस्तकांनी पुरवलेलं आहे. जात काढून तिच्या जागी गरिबी ठेवली की गोष्ट दुःखद होते, पण अन्यायाची राहत नाही. गरिबीला कुणी एक माणूस जबाबदार नसतो. नकाराला असतो.

पुढे तो कुत्र्याचा प्रसंग येतो. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात एकलव्य सात बाण मारतो, पांडव थक्क होतात आणि अर्जुन द्रोणांना एकांतात गाठतो. माझ्याहून वरचढ शिष्य होणार नाही असा शब्द तुम्ही मला दिला होता, मग हा कोण, असं तो विचारतो. त्यानंतर द्रोण उठतात आणि अंगठा मागायला जातात. अंगठा गेल्यावर एकलव्य नुसत्या बोटांनी बाण सोडून पाहतो आणि पूर्वीचा वेग राहिला नाही हे त्याच्या लक्षात येतं. अर्जुनाच्या मनाचा ताप उतरतो, हेही महाभारत सांगतं. म्हणजे दक्षिणा कशासाठी मागितली गेली, ती कुणाच्या तक्रारीवरून मागितली गेली आणि तिचा फायदा कुणाला झाला, या तिन्ही गोष्टी मूळ कथेत उघड आहेत. मुलांच्या पुस्तकात अर्जुनाची तक्रार एका वाक्यात उरकते किंवा गायब होते. त्याचा उतरलेला ताप तर मी अजून एकाही बालपुस्तकात पाहिलेला नाही.

सगळ्यात महत्त्वाची जागा पुढे द्रोणपर्वात आहे. घटोत्कच पडल्यानंतर कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या हितासाठीच द्रोणांनी आचार्यपणाचा आव आणून, कपटाने त्या निषादपुत्राचा अंगठा काढून घेतला होता. अंगठा शाबूत असता तर देवांनाही तो जिंकता आला नसता. आणि तुझ्याचसाठी मी पुढे त्याला मारलं, हेही कृष्णच सांगतो. ज्या प्रसंगाला आपली बालपुस्तकं गुरुभक्तीचा कळस म्हणतात, त्याला महाभारतातला कृष्ण कपट म्हणतो. हा शब्द फुले-आंबेडकरी टीकाकारांनी बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच. मुलांसाठी केलेलं पुनर्कथन मूळ ग्रंथाला सौम्य करतं असा आपला समज असतो. एकलव्याच्या बाबतीत ते ग्रंथापेक्षा जास्त ब्राह्मणी झालं आहे. ग्रंथाने जे कबूल केलं, ते पुस्तकाने लपवलं.

यावर तयार उत्तर असतं : मुलं लहान असतात, त्यांना एवढं कडू कशाला सांगायचं? ही काळजी खरी असती तर अंगठा कापण्याचं चित्रही नसतं. पण ते असतं, आणि बहुतेकदा अख्ख्या पानाचं असतं. हिरण्यकशिपूचं फाडलेलं पोट असतं, दुःशासनाची छाती असते, दहा डोकी उडवलेला रावण असतो. मुलांना रक्त चालतं, फक्त त्या रक्तामागचं कारण चालत नाही. कुणाचं दुःख कळवळून सांगायचं, हेही ठरलेलं असतं. द्रोण दरिद्री होते, दूध परवडत नसल्यामुळे अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी दूध म्हणून प्यावं लागलं, हा प्रसंग मुलांना पुरेपूर माया लावून सांगितला जातो. सांगायलाच हवा, भूक कुणाचीही असो. पण अंगठा गमावून घरी परतलेल्या मुलाला पाहून हिरण्यधनूला काय वाटलं असेल, त्याच्या आईने काय केलं असेल, यासाठी एका चौकटीचीही जागा का मिळत नाही?

लाक्षागृहाचंही तसंच. पांडव भुयारातून निसटले आणि कौरवांना वाटलं की ते जळून मेले, इतकं मुलांना माहीत असतं. कौरवांना तसं का वाटलं? कारण त्या रात्री तिथे जेवायला आलेली एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे दारूच्या गुंगीत झोपले होते. पांडवांनी घराला आग लावली. सकाळी सापडलेले सहा जळके देह कुंतीचे आणि तिच्या पाच मुलांचे ठरले. महाश्वेता देवींनी या बाईवर बंगालीत कथा लिहिली, मोठ्यांसाठी. मुलांच्या पुस्तकात मात्र ती बाई दिसत नाही, आणि दिसली तर योगायोग म्हणून.

मग या पुस्तकांत आपल्यासारखे लोक दिसतात कुठे? तीन ठिकाणी ठळकपणे दिसतात. गुह आणि केवट रामाला नदीपार नेतात. शबरी चाखून बघितलेली बोरं देते. एकलव्य अंगठा देतो. होडी, बोरं आणि अंगठा. चांगला निषाद, चांगली शबर बाई म्हणजे जे आहे ते देऊन टाकणारे लोक. जे देत नाहीत, आपली जागा राखतात, ते राक्षस. त्राटिका आपल्या अरण्यात राहत होती, तक्षक नागाचं कुळ खांडववनात राहत होतं. जंगल जळलं ते मुलांच्या पुस्तकात इंद्रप्रस्थ वसवण्यासाठी झालेली साफसफाई होऊन जातं.

इथे दुसरा आक्षेप येतो : परंपरेने आलेली गोष्ट आहे, तिच्यात आपण बदल कसा करायचा? पण उष्ट्या बोरांचा प्रसंग वाल्मीकी रामायणात नाहीच. तिथे शबरी रानातलं अन्न देऊन पाहुणचार करते. बोरं चाखून देणं ही नंतरच्या भक्तिपरंपरेची भर आहे. म्हणजे गोष्टी बदलत आल्या आहेत, वाढत आल्या आहेत, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. ज्या बदलाने शबरी अधिक भाविक झाली तो परंपरा ठरला. ज्या बदलाने एकलव्य प्रश्न विचारू लागेल तो विकृतीकरण ठरतो.

किशोरवयातल्या वाचकांसाठी जे लिहिलं जातं, तिथे वेगळीच अडचण आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी कॉलेजात शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ झपाटून वाचलं. ही कादंबरी १९६७ सालची, आणि आजही प्रत्येक वसतिगृहात तिची एखादी फाटकी प्रत सापडते. सूतपुत्र म्हणून हिणवलेल्या कर्णात आपण स्वतःला पाहतो. पण कर्णाच्या कथेचा आधार काय आहे? तो मुळात सूर्याचा मुलगा आणि क्षत्रिय कुंतीचा पहिला पुत्र आहे. म्हणजे हलक्या मानलेल्या घरात तेज दिसलं, तर ते वरून कुठून तरी आलेलं असतं. अधिरथ आणि राधेच्या स्वतःच्या पोरांमध्ये ते असू शकतं, ही शक्यता कथा उघडतच नाही. इंग्रजीत हल्ली पुराणांवर बेतलेल्या साहसकथा मुलं आवडीने वाचतात. रोशनी चोक्शींची ‘अरू शाह’ मालिका २०१८ साली सुरू झाली. तिच्यात पांडव मुलींच्या रूपात येतात. मुलींच्या हाती शस्त्र आलं हे चांगलंच. पण सामर्थ्य पुन्हा देवाच्या वंशातून, मागच्या जन्माच्या आत्म्यातूनच येतं. नवी भाषा, नवा पोशाख आणि जुनाच हिशेब : गुण रक्तात असतो.

एकलव्य या हिशेबात बसत नाही, आणि म्हणूनच तो त्रासदायक आहे. त्याच्याकडे देवाने दिलेलं कवच नाही, वर नाही, गुरूही नाही. होता तो सराव. महाभारतात सरावाच्या जोरावर सर्वांच्या पुढे गेलेला मुलगा निषादांचा आहे. मेरिट म्हणजे काय याचं यापेक्षा साधं उदाहरण सापडणार नाही, आणि मेरिटचं पुढे काय केलं जातं याचंही. गंमत पाहा, हरिवंशात तोही मुळात यादव कुळातला आणि निषादांनी वाढवलेला होता असं सांगितलं आहे. हा संदर्भ दाखवून ‘बघा, इथे जातीचा प्रश्नच नव्हता’ असं आज सांगितलं जातं. मला त्यात उलटंच दिसतं. निषादाचं कौशल्य निषादाचंच राहू द्यायला परंपरा इतकी नाखूश होती, की तिला त्याचाही जन्म बदलून घ्यावा लागला. आणि आदिपर्वातल्या द्रोणांनी नकार दिला तो यादवाला दिलेला नव्हता, निषादाला दिला होता.

आपल्या पिढीसाठी हा फक्त पुराणाचा विषय नाही. मी समाजशास्त्रात पीएचडी करते आहे. या वाटेवर आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे की ‘गुरू’ हा शब्द किती कामं करतो. मार्गदर्शकाने वेळ दिला नाही, तरी शोधप्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांच्या ऋणाचा परिच्छेद लिहावा लागतो. न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा हीच आहे. २००६-०७ मध्ये सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दिल्लीच्या एम्समधली वागणूक तपासली, तेव्हा दलित आणि आदिवासी विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून होणारा दुजाभाव नोंदवला होता. अशा वेळी तक्रार करायला जी भाषा लागते, ती एका दिवसात येत नाही. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात वस्तीतल्या मुलाला एकलव्य करून त्याच्या हसत अंगठा देण्यावर टाळ्या वाजवलेल्या असतात. तो मुलगा मोठा झाल्यावर, माझा अंगठा का मागता, हे विचारणं त्याला उद्धटपणा वाटतं. आणि त्याच वर्गात अर्जुन झालेल्या मुलालाही काही शिकवलं गेलेलं असतं : आपल्या पुढे कुणी गेलं, तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

मोठ्यांच्या साहित्यात या सगळ्याला उत्तर देण्याची परंपरा जुनी आहे आणि ती एका प्रांतापुरती नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारकथा उलट्या बाजूने वाचून बळीराजाला मध्यभागी आणलं. आजही बलिप्रतिपदेला आपल्या आयाबाया बळीचं राज्य येवो म्हणतात, आणि केरळ ओणमला महाबलीची वाट पाहतं. तेलुगूत त्रिपुरनेनी रामस्वामी चौधरींनी शंबूकावर नाटक लिहिलं. कन्नडमध्ये कुवेंपूंनी १९४४ साली ‘शूद्र तपस्वी’ लिहिलं. पेरियारांच्या रामायणावरील पुस्तकाचा हिंदी अनुवाद ललई सिंह यांनी काढला. उत्तर प्रदेश सरकारने तो जप्त केला आणि ते प्रकरण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयात ललई सिंहांच्या बाजूने निकाली निघालं. बाबासाहेबांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली महाराष्ट्र शासनाने छापल्यावर वादळ उठलं, तेव्हा ते पुस्तक वाचवायला लोक मुंबईच्या रस्त्यावर उतरले.

दीडशे वर्षांचं हे भांडवल आपल्याकडे आहे. पण ते सगळं मोठ्यांच्या कपाटात आहे. मुलांच्या कपाटात १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ आणि तिच्या वळणावर गेलेली पुस्तकं बसली. आपण ‘गुलामगिरी’ वाचतो विसाव्या वर्षी. तोवर आठव्या वर्षी पाहिलेली चित्रं मनात पक्की झालेली असतात : राक्षस काळा, देव गोरा, बळी गर्विष्ठ, वामन गोंडस.

चळवळीतले काही मित्र म्हणतात, ही पुराणं घरात आणायचीच कशाला? १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, राम-कृष्णाला देव मानणार नाही म्हटलं, विषय संपला. त्यांचं म्हणणं मला कळतं. एकलव्याला नायक केलं तरी आपण त्यांच्याच ग्रंथाच्या आवारात फिरत राहतो, आणि आपल्या मुलांना आरसा म्हणून तुटलेला अंगठा द्यावा का, हा प्रश्न योग्यच आहे. पण देव न मानणं आणि गोष्ट माहीत नसणं या वेगळ्या बाबी आहेत. बाबासाहेबांनी हे ग्रंथ बारकाईने वाचले, म्हणूनच ते त्यांना प्रश्न विचारू शकले. आपण घरात गोष्ट सांगितली नाही, तर शाळा सांगेल, टीव्ही सांगेल, गणपतीतला देखावा सांगेल. पहिल्यांदा कोण सांगतं, याला लहान वयात फार महत्त्व असतं.

आणि आपल्या गोष्टी तर सांगायच्याच आहेत. कांचा इलैय्या यांचं श्रम आणि श्रमिक जातींचं ज्ञान मुलांना सांगणारं ‘टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड’ २००७ साली आलं, त्याची चित्रं दुर्गाबाई व्याम यांची. त्यांनी आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड शैलीत चितारलेलं ‘भीमायन’ २०११ सालचं. त्याच वर्षी श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी ‘गुलामगिरी’वर चित्रकादंबरी केली. हैदराबादच्या ‘अन्वेषी’ने २००८ साली इंग्रजी, तेलुगू आणि मल्याळममध्ये मुलांसाठी ‘डिफरंट टेल्स’ ही मालिका काढली. तिच्यात गोगू श्यामला यांची गोष्ट आहे, जमीनदाराला न घाबरता भिडणाऱ्या कष्टकरी घरातल्या मुलीची. इंग्रजीत तिचं नाव ‘ताटकी विन्स अगेन’. रामाने मारलेली त्राटिका इथे जिंकते, तीही रोजच्या शेतात. पुनर्कथन असंही असतं.

म्हणून पुढच्या वेळी पुस्तक घेताना दोन मिनिटं थांबून ते चाळा. एकलव्याला नकार का मिळाला, याचं कारण त्यात दिलंय का ते बघा. अर्जुन द्रोणांना काय म्हणाला ते आहे का बघा. अंगठा गेल्यावर गोष्ट थांबते, की एकलव्य घरी जातो? जंगलात राहणाऱ्यांना नावं आहेत, की ते नुसते शिंगवाले चेहरे आहेत? पुस्तक या प्रश्नांत नापास झालं तरी फेकू नका. मुलाला जवळ घेऊन वाचा आणि जिथे गोष्ट कापली आहे तिथे थांबून उरलेली सांगा. विहारातल्या अभ्यासिकेत, जयंतीच्या कार्यक्रमात, वाड्या-पाड्यावरच्या वाचनालयात हे करता येतं, आणि त्यासाठी प्रकाशकाची वाट पाहावी लागत नाही. आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी तर मराठीत मुलांसाठी लिहायला लागावं. हिरण्यधनूच्या घरातली ती संध्याकाळ अजून कुणीतरी लिहायची आहे.

गोष्ट संपल्यावर मुलाला तात्पर्य सांगू नका. त्याला एवढंच विचारा की द्रोणांनी एकलव्याला शिकवलं काय होतं, की त्यांनी दक्षिणा मागावी. आठ वर्षांचं लेकरू याचं उत्तर बरोबर देतं.